खालच्या वाडीची गाडी

बावतीसभाऊंना ‘बघू या’ हे शब्द चालत नसत. कुणी म्हटले की ते हातातलं काम थांबवायचे आणि म्हणायचे, ‘‘बघायला सर्कस आहे. करायचं की नाही, ते बोल.’’ यात लहानथोर असा भेद नव्हता. पावसाळ्याआधी देवळाची कौलं परतायचा विषय निघाला आणि फादर सभेत ‘बघू या’ म्हणाले, तेव्हा त्यांनाही मागच्या बाकावरून सर्कस ऐकावी लागली होती. कौलं मात्र त्याच आठवड्यात परतली गेली.

अंगाने रुंद, मानेने आखूड, आवाजाने मोठे. नोकरी संपली तरी त्यांनी खाकी पँट सोडली नाही, आणि तिची इस्त्रीही सोडली नाही. केळीच्या चिखलातून चालताना आम्ही सगळे गुडघ्यापर्यंत कपडे खोचायचो. बावतीसभाऊ पँटची घडी सांभाळत बांधाच्या मधोमध चालायचे. खिशात रुमालाऐवजी वर्कशॉपमध्ये हात पुसायला असतो तो सुताच्या धाग्यांचा गुंता असे. देवळात मिस्सेच्या प्रार्थनेच्या वेळी घाम आला की तोच गुंता कपाळावरून फिरायचा आणि परत येताना कपाळावर एक काळी रेघ असायची. कतरीनबाय, म्हणजे त्यांची बायको, देवळाच्या पायऱ्यांवरच पदराने ती पुसायची आणि म्हणायची, ‘‘फोरमन, कपाळाला वंगण लावून देव पावत नाय.’’

मुंबईच्या रेल्वे वर्कशॉपात ते बॉयलर दुरुस्तीकडे फोरमन होते. वाडी त्यांची नव्हती. कतरीनबाय बापाची एकुलती एक, आणि बावतीसभाऊ लग्न करून तिच्या घरी राहायला आले. माणिकपूरहून समुद्राच्या बाजूला चालत निघालं की आमची आळी लागते. त्यांची वाडी आणि आमची वाडी यांच्यामध्ये एकच बांध. मी सरकारी हिशेब खात्यात. शनिवार-रविवार आमच्या वाडीत. त्यामुळे सत्तर सालानंतरची बारा-पंधरा वर्षं त्या बांधापलीकडे काय चाललं आहे, हे मला दिसत राहिलं आणि बहुतेक वेळा ऐकूही येत राहिलं. ती दोघं एकमेकांशी त्यांच्या बोलीत बोलायची. त्या बोलीत नवरा बायकोला ‘तू’ म्हणतो आणि बायकोही नवऱ्याला ‘तू’ म्हणते. मला ती समजते, पण लिहिता येत नाही; म्हणून त्यांचं बोलणं इथे बहुतेक माझ्याच मराठीत दिलं आहे.

घरात वाटणी स्पष्ट होती. पुढची पडवी बावतीसभाऊंची, बाकी सगळं कतरीनबायचं. पडवीत पायाने चालवायचं एक लेथ होतं. निवृत्त झाल्यावर महिन्याभरातच तिथे इंजिन जन्माला यायला लागलं.

इंजिन म्हणजे कपाटात ठेवायचं खेळणं नव्हे. कोळसा खाणारं, पाणी पिणारं, वाफेवर चालणारं खरं इंजिन. लांबी साडेतीन फूट, उंची माझ्या गुडघ्याएवढी, वजन पन्नास किलो. रुळांमधलं अंतर पाच इंच. चाकांचे साचे त्यांनी फणसाच्या लाकडात कोरले आणि ओतकाम मुंबईत करून आणलं. बॉयलरचा तांब्याचा पत्रा भंगार बाजारातून आला. बाकी सारं त्या लेथवर, त्या पडवीत. मी एकदा विचारलं, ‘‘कोणत्या इंजिनाची नक्कल आहे ही?’’

‘‘नक्कल?’’ ते म्हणाले. ‘‘सदतीस वर्षं मी दुसऱ्यांची इंजिनं दुरुस्त केली. प्रत्येकात एक तरी गोष्ट अशी होती की बनवणाऱ्याच्या कानाखाली मारावीशी वाटली. हे इंजिन त्या सगळ्या गोष्टी सोडून उरलेलं आहे.’’

आत्मविश्वास असा. पण चुका ते करत नसत असं नाही. भरपूर करत. फक्त त्यांच्या चुकांना चूक म्हणायची सोय नव्हती. इंजिनाचं धुराडं एका बाजूला बोटभर कललेलं होतं, ते मी दाखवलं. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘मुद्दाम ठेवलंय. वारा समुद्राकडून येतो.’’ दुसऱ्या दिवशी धुराडं सरळ होतं. मी विचारायच्या आत तेच म्हणाले, ‘‘वारा बदलला.’’

बॉयलर तयार झाला तेव्हाची गोष्ट सगळ्या आळीला माहीत आहे. इंजिनाला आशीर्वाद द्यावा म्हणून कतरीनबायने फादरना बोलावलं होतं. फादर पवित्र पाणी घेऊन पडवीत आले, तर बावतीसभाऊंनी त्यांना हातानेच थांबवलं.

‘‘फादर, आधी टेस्ट. मग आशीर्वाद.’’

‘‘आशीर्वाद आधी दिला तर काही बिघडतं का?’’

‘‘बिघडतं. मग बॉयलर टिकला तर तुम्ही म्हणाल, आशीर्वादाने टिकला. मला कळणार कसं?’’

टेस्ट म्हणजे बॉयलर पाण्याने गच्च भरायचा आणि हातपंपाने आत दाब चढवायचा. चालताना जेवढा लागतो त्याच्या दुप्पट. वाफेऐवजी पाणी असल्यामुळे जोड फुटला तरी धोका नसतो, फक्त पाणी उडतं. बावतीसभाऊ पंप मारत होते, मी दाबाचा काटा मोठ्याने वाचत होतो. काटा शंभरावर गेला, सव्वाशेवर गेला, आणि फादर जिथे उभे होते नेमक्या त्या बाजूचा जोड सुटला. सुईएवढी धार फादरच्या झग्यावर सरळ रेघ ओढत गेली. आधी कोपऱ्यात कुणीतरी फसकन हसलं, मग आळीतली माणसं, आणि शेवटी फादरही.

‘‘बावतीस, हे काय?’’

‘‘मुद्दाम,’’ ते म्हणाले. ‘‘गळायचं तर आज गळू दे. बॉयलरला पाप नसतं फादर, फक्त भोक असतं.’’

तो जोड त्यांनी पुन्हा डाख देऊन घेतला. पुढच्या रविवारी दाब दुप्पट चढवला आणि तिथेच ठेवला. आम्ही सगळ्यांनी चहा पिऊन कप खाली ठेवले तरी काटा हलला नव्हता. मग फादरनी आशीर्वाद दिला. या वेळी ते थोडे लांब उभे होते.

विहिरीभोवती रुळांचं एक छोटं वर्तुळ होतं. संध्याकाळी बावतीसभाऊ इंजिनामागच्या डब्यावर बसून विहिरीला फेऱ्या घालायचे. इंजिनाला विहिरीचं पाणी चालत नसे, कारण क्षारांनी बॉयलरला आतून थर बसतो. म्हणून पागोळ्यांचं पाणी पिंपांत साठवलेलं असायचं. कतरीनबाय ओट्यावर फुलं निवडता निवडता म्हणायची, ‘‘इंजिनाला पावसाचं पानी, आम्हाला विहिरीचं. पुढल्या जन्मी मला इंजिन कर रे देवा.’’ हे ती चिडून म्हणत नसे. लेथ आणि इंजिन ही नवऱ्याला गुंतवून ठेवायची चांगली सोय आहे, असं तिचं मत होतं. वाडीत त्याने हात घातला तर जास्त नुकसान, हे तिने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. तेव्हा त्याने तण समजून गुलछडीचा वाफा साफ केला होता.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवर कतरीनबायचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ती घरी आली, काठी घेऊन ओट्यापर्यंत चालायला लागली. पण ओट्याच्या पुढे नाही. वाडीतली वाट म्हणजे पाटाचा बांध. जेमतेम दीड हात रुंद आणि ओला. त्यांची वाडी लांबट आहे. वर घर, विहीर, फुलझाडं. खाली केळी आणि पानवेलीचे मांडव. या दोन्हींच्या मध्ये चारशे फूट पाट. कतरीनबायचा जीव खालच्या वाडीत. पानवेल तिच्या बापाने लावलेली. रोज सकाळी एक फेरी मारल्याशिवाय तिने कधी चहा घेतला नव्हता.

एकदा गड्यांनी तिला खुर्चीत बसवून उचलून नेलं. अर्ध्या वाटेत एकाचा पाय घसरला, खुर्ची कलली, आणि ती जी भडकली ती परत फिरवायलाच लावली. ‘‘मी काय सणाची मूर्ती हाय, खांद्यावरून मिरवायला? परत कुणी हात लावला तर काठी खाईल.’’

मग डोमणिक आला. हा त्यांचा मुलगा. नोकरी ठाण्याला, राहायलाही तिकडेच. मुलगा वाईट नाही. खालच्या वाडीला तेव्हा नुकताच रस्ता लागला होता आणि इमारतवाले आळीत फिरायला लागले होते. त्याने ओट्यावर बसून आईला सरळ विचारलं, ‘‘आये, खाली आता कोण जातं? गडी सांगतात ते खरं मानायचं. मांडव पडतायत. विकायची असेल तर आता विकू या.’’

मी बांधावर होतो. मला वाटलं आता काठी उचलली जाईल. पण कतरीनबाय म्हणाली, ‘‘खरं हाय तुझं. जी वाडी मला बघता येत नाय, ती ठेवून काय करू? न बघता मरू द्यायची त्यापेक्षा दे देऊन.’’

बावतीसभाऊ पडवीत लेथवर होते. लेथ थांबलं. ते बाहेर आले, हातातला सुताचा गुंता खिशात कोंबला.

‘‘कुणी सांगितलं बघता येत नाय? मी नेतो तुला. गाडीने.’’

‘‘विहिरीभोवती?’’ डोमणिक म्हणाला.

‘‘खाली. आणि परत.’’

कतरीनबायने त्यांच्याकडे पाहिलं. ‘‘खाली नेशील रे. खाली काय, पाणीसुद्धा आपोआप जातं. परत कोण आणणार?’’

‘‘इंजिन.’’

‘‘ढकलून नाय?’’

‘‘ढकलून नाय.’’

‘‘मग यंदाच्या केळीचे घड उतरेपर्यंत थांबते,’’ ती म्हणाली. ‘‘तोपर्यंत एकदा खाली जाऊन तुझ्या गाडीने परत ओट्याला आले, तर वाडी राहील. नाय आले तर डोमणिक म्हणेल तसं.’’

डोमणिक म्हणाला, ‘‘बघू या.’’ आणि बापाकडून सर्कस ऐकून घेतली.

रूळ कुठून न्यायचे हा प्रश्नच नव्हता. जागा एकच, पाटाचा बांध. बावतीसभाऊंचं म्हणणं असं की पाटाला उतार मुळातच मोजून दिलेला असतो, नाहीतर पाणी शेवटच्या केळीपर्यंत पोचलंच नसतं. आपण पुन्हा मोजायची गरज नाही. मला न मोजलेली गोष्ट झोपू देत नाही. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन मी एका रविवारी सगळा बांध मोजला. बहुतेक ठिकाणी दीडशे फुटांना एक फूट उतार. पण घराजवळचे शेवटचे चाळीस फूट, जिथे पाट विहिरीच्या कुंडीतून उतरतो, तिथे साठाला एक. परतीच्या वाटेवर हा चढ, आणि तोही अगदी शेवटी. मी हिशेब करून त्यांना सांगितलं: इंजिनाची चाकं कोरड्या रुळावर जेवढी पकड घेतील, त्यात दोन माणसं आणि डबा चढेल. पण फार काही शिल्लक उरत नाही.

‘‘चढेल ना?’’

‘‘कोरड्या रुळावर चढेल.’’

‘‘तुझे आकडे कागदावर चढतात, वसंत. माझं इंजिन बांधावर चढेल.’’

खालच्या टोकाला फणसाच्या झाडाला वळसा घालून रूळ परत आणले. कतरीनबायसाठी बाक असलेला एक बसका डबा केला. ओट्याच्या कडेला रूळ अशा उंचीवर घेतले की डबा लागला की बाक ओट्याच्या बरोबरीला यावं आणि तिला उठायला न लागता नुसतं सरकता यावं. हे काम पाहून मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाला बायकोच्या खुब्यात नेमकं कुठे दुखतं ते ठाऊक आहे.

उन्हाळा संपता संपता त्यांनी तांदळाची पोती बाकावर ठेवून चाचणी घेतली. पोत्यांचं वजन मी केलं होतं: पंचावन्न किलो. दवाखान्याच्या काट्यावर कतरीनबाय चोपन्न भरली होती. बावतीसभाऊ स्वतः चालवायला बसले. गाडी खाली गेली, फणसाला वळली, चढावर आली, आवाज जड झाला, आणि धापा टाकत ओट्याला येऊन लागली. बावतीसभाऊंनी उतरून पँटची घडी नीट केली. जणू दुसरं काही होणं शक्यच नव्हतं.

मग पाऊस लागला. चार महिने बांध चिखलात. पाऊस ओसरला, त्यांनी रुळांचा गंज घासून काढला, स्लीपरखालची माती भरली, आणि घड उतरायला थोडेच दिवस असताना कतरीनबायला म्हणाले, ‘‘रविवारी मिस्सेनंतर.’’

रविवारी डोमणिक आला होता. आळीतली पाच-पंचवीस माणसंही सहज म्हणून जमली होती. कतरीनबाय ओट्यावरून बाकावर सरकली, काठी मांडीवर आडवी धरली. बावतीसभाऊ पुढे बसले आणि गाडी निघाली. आम्ही बांधाच्या कडेने मागे चालत होतो. खालच्या वाडीत शिरताच कतरीनबाय बोलायची थांबली. पानवेलीचे दोन मांडव झुकले होते. केळीत तण माजलं होतं. फणसाला वळसा घालेपर्यंत ती मान वळवून वळवून बघत राहिली. बावतीसभाऊ मात्र दाबाचा काटा, कोळसा, पाण्याची पातळी यावर मोठ्याने व्याख्यान देत होते. त्यांच्या पाठीमागे काय चाललं होतं ते त्यांना दिसलंच नाही.

परतीला गाडी चढाच्या पायथ्याशी आली. बावतीसभाऊंनी वाफ सोडली. इंजिन पाच-सहा फूट चढलं आणि चाकं जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. धुराड्यातून ठिणग्या उडाल्या. गाडी थांबली, मग हळूहळू मागे सरकायला लागली. ब्रेक लावला. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच.

‘‘आये, तुझं वजन वाढलं काय ग?’’ डोमणिक म्हणाला.

‘‘पोत्याहून मी किलोभर हलकी हाय, वसंतला विचार. पोतं टोमणे मारत नाय, एवढाच फरक.’’

बावतीसभाऊ खाली उतरले. इस्त्रीच्या पँटीसकट बांधाच्या ओल्या मातीत गुडघे टेकले. सिलिंडरला कान लावला, व्हॉल्व्हचे दांडे हलवून पाहिले. कपाळावर काळी रेघ होतीच, आता दोन झाल्या. ‘‘व्हॉल्व्ह. पावसात बसून राहिल्याने व्हॉल्व्ह बिघडलेत. इंजिन सगळं उघडावं लागेल.’’

‘‘किती दिवस?’’ डोमणिकने विचारलं.

बावतीसभाऊंनी पुन्हा सिलिंडरला कान लावला. घड उतरायच्या आत ते होण्यासारखं नव्हतं, हे सगळ्यांनाच दिसत होतं. डोमणिक डब्याच्या मागे गेला आणि दोन्ही हात लावून म्हणाला, ‘‘आता तरी ढकलू दे. उन्हात किती बसशील?’’

‘‘हात काढ,’’ कतरीनबाय म्हणाली.

ती बसक्या बाकावर होती, रूळ तिच्या हाताच्या अंतरावर. तिने वाकून रुळावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

‘‘बावतीस.’’

ते सिलिंडरमध्येच होते. ‘‘थांब जरा.’’

‘‘ए फोरमन! इकडे बघ. पेंड.’’

‘‘काय पेंड?’’

‘‘पटरीला एरंडीची पेंड लागलीय. केळीला खत म्हणून परवा मीच सोडायला सांगितली.’’

पाऊस ओसरला की आमच्याकडे पेंड कुंडीत भिजवून पाटाने केळीला सोडतात. उरलेला चोथा गडी टोपल्यांतून वाहून नेतात आणि केळीच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यांत टाकतात. वाट एकच, बांध. आणि आता बांधावर रूळ. चिखलात पाय घालण्यापेक्षा गडी रुळांवरून तोल सांभाळत चालले होते. पेंडीने माखलेले त्यांचे पाय, सगळ्या रुळांवर. कुंडीजवळ तर सर्वांत जास्त, कारण टोपल्या तिथेच भरल्या जात. वाडीतल्या कुणालाही हे कळायला हवं होतं. पण ज्यांना वाडी कळत होती त्यांना इंजिन कळत नव्हतं, आणि ज्याला इंजिन कळत होतं त्याने वाडीच्या खताकडे तीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. मी दोन्हीकडचा, मी नळीने उतार मोजला, पोती मोजली, आणि पेंड माझ्याही डोक्यात आली नाही.

बावतीसभाऊंनी रुळाला बोट लावलं. ‘‘मला तर तेलाचा वास येतोय.’’

‘‘तेच तेल. तुझं नाय, माझं.’’

ते उभे राहिले. तोंड उघडलं. ‘‘हे मी मु...’’

‘‘बोललास तर बघ,’’ कतरीनबाय म्हणाली. आळी हसली, आणि त्या हसण्यात बावतीसभाऊही होते.

चुलीतली राख आली. बायकांनी घमेल्यातून ती रुळांवर चोळली आणि फडक्याने पुसून घेतली, पुन्हा चोळली. डोमणिकने बूट काढले आणि तोही वाकून रूळ पुसायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी थोडी मागे घेतली, बावतीसभाऊ बसले, वाफ सोडली. चाकं एकदा घसरली, मग धरली. त्या चाळीस फुटांत इंजिनाचा प्रत्येक श्वास वेगळा मोजता येत होता. ओट्याची कड आली, बाक ओट्याला लागलं, आणि कतरीनबाय कुणाचा हात न घेता सरकून आपल्या जागेवर बसली.

डोमणिक पायाची राख झटकत उभा होता. ‘‘मग, आये?’’

‘‘पानवेलीचे दोन मांडव पडायला आलेत,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या सकाळी बांबू पाठव. आणि केळीत तण आहे. गड्यांना सांग, म्हातारी बघून गेली.’’

खालची वाडी तशी राहिली. आजही आहे, तिच्या दोन्ही बाजूंना इमारती आहेत.

त्यानंतर ती गाडी रोजची झाली. सकाळी एक फेरी, मग चहा. पेंडीच्या दिवसांत गडी चिखलातून चालायचे; रुळावर पाय दिसला तर ओट्यावरून काठी उगारली जायची. पण थोड्याच दिवसांत दोघांत नवं भांडण सुरू झालं. बावतीसभाऊ चालवायला बसले की गाडीविषयीच बोलत. कतरीनबायला केळीत वारा कसा फिरतो, कुठे पाणी गळतंय, गडी काय बोलतायत हे ऐकायचं असे. एक दिवस तिने जाहीर केलं, ‘‘उद्यापासून मी चालवीन. तू बस ओट्यावर.’’

बावतीसभाऊंनी आजवर त्या इंजिनाच्या रेग्युलेटरला, म्हणजे वाफ कमी-जास्त सोडायच्या दांड्याला, कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. मला नाही, डोमणिकला नाही, पडवीत बघायला आलेल्या त्यांच्या जुन्या वर्कशॉपच्या साहेबालासुद्धा नाही. ‘‘रेग्युलेटर म्हणजे पाटाचं दार नाय,’’ ते म्हणाले.

‘‘का नाय? हळूहळू उघडायचं. एकदम सोडलं की पुढे सगळं वाहून जातं. चढ असेल तर आधी साठा करून ठेवायचा. असंच ना?’’

बावतीसभाऊंनी खिशातला सुताचा गुंता काढून हात पुसले. ‘‘असंच,’’ ते म्हणाले. आणि पडवीत जाऊन त्यांनी रेग्युलेटरचा दांडा लांब करून दिला, बाकावरून तिच्या हाताला येईल इतका. ब्रेकचाही. कोळशासाठी लांब दांड्याची एक पळी केली. आठवडाभर ते शेजारून चालत शिकवत राहिले. मग तिने तेही बंद केलं.

बावतीसभाऊ पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात गेले, फार आजारी न पडता. मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्याआधीच्या उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी.

मी आमच्या वाडीच्या खालच्या टोकाला केळीला टेकू देत होतो. वरून गाडी निघाल्याचा आवाज आला. तेवढ्यात आमच्याच केळीतून पानं मोडल्यासारखी खसखस झाली, आणि बावतीसभाऊ पळत आले. सत्तरीच्या घरातला, रुंद अंगाचा माणूस, खाकी पँट दोन्ही हातांनी वर धरून, केळींच्या मधून आडवा पळत होता. पाटाचा बांध वळणं घेत येतो. आमच्या वाडीतून वाट सरळ आहे. मी त्यांना दिसलो नाही. बांध ओलांडून ते फणसाखाली गेले, पँट सोडली, घडी सरळ केली, श्वास आवरला, आणि हात पाठीमागे बांधून पानवेलीकडे पाहत उभे राहिले.

गाडी आली. कतरीनबाय एका हाताने रेग्युलेटर धरून होती, दुसऱ्या हातात काठी. तिने गाडी थांबवली.

‘‘तू इथे काय करतोस?’’

‘‘वेल बघायला आलो.’’

‘‘कुठून आलास?’’

‘‘इथेच होतो.’’

तिने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांच्या खांद्यावर केळीच्या पानाची एक लांब चिंधी चिकटली होती. तिने काठीने एक मांडव दाखवला. ‘‘मग तो बघ. त्याची पानं परवा खुडायची.’’ पळीभर कोळसा टाकला, वाफ सोडली, आणि फणसाला वळसा घालून निघून गेली.

बावतीसभाऊ गाडी केळीआड होईपर्यंत उभे राहिले. मग वळले आणि मी त्यांना दिसलो.

‘‘वसंत. तू केव्हापासून आहेस?’’

‘‘आत्ताच आलो.’’

‘‘मग ठीक,’’ ते म्हणाले.

वर चढावर इंजिनाचा आवाज जड व्हायला लागला होता. ते क्षणभर थांबले, दोन्ही हातांनी पँट वर धरली, आणि आमच्या केळीतून वर ओट्याकडे पुन्हा पळत सुटले.